खानदेशातून वणीच्या गडावर पायी: चैत्रातल्या उन्हात चालायचं कसं

चैत्र शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर जी यात्रा भरते, तिच्यात सगळ्यात जास्त गर्दी खानदेशची. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गावागावांतून झेंडे घेऊन माणसं पायी निघतात. पंचांगाने ही यात्रा नेमकी अशा दिवसांत टाकली आहे की तापीकाठचा पारा दुपारी चाळिशी ओलांडतो. म्हणून या पदयात्रेची तयारी पावसाळ्यातल्या दिंडीसारखी करून चालत नाही.

वीस-पंचवीस किलोमीटर चालणं शेतात राबणाऱ्या माणसाला जड नाही. माणसं आजारी पडतात ती भर दुपारी चालल्यामुळे. तेव्हा निघायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा: सकाळी साडेनऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत रस्त्यावर एकही माणूस दिसता कामा नये. बाकी सगळं नियोजन याच एका नियमाभोवती करायचं आहे.

टप्पे कसे पाडायचे

धुळ्याहून गड साधारण १४० किलोमीटर. धुळे ते मालेगाव पन्नासेक, मालेगाव ते देवळा चाळीसेक, देवळा ते कळवण वीसच्या आसपास, कळवण ते नांदुरी आणखी वीसेक आणि वरचा घाट दहा. जळगावहून येणाऱ्यांनी एरंडोल, पारोळामार्गे धुळ्यापर्यंतचे नव्वदेक किलोमीटर यात मिळवायचे. नंदुरबारकडची मंडळी साक्री, पिंपळनेर, शेलबारी घाट, ताहाराबाद, सटाणा या बाजूने येतात. तो रस्ता जास्त डोंगराळ आहे, पण महामार्गावरच्या ट्रकांचा त्रास त्यावर कमी.

धुळ्याहून निघणाऱ्यांनी पहिला मुक्काम लळिंगला करावा. संध्याकाळी पाचला निघालं की आठ-साडेआठपर्यंत दहाएक किलोमीटर होतात. उत्साहात पहिल्याच दिवशी तीस किलोमीटर मारणारे गट दुसऱ्या दिवशी फोडांनी बसतात, त्यामुळे हा छोटा टप्पा मुद्दाम ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे आर्वी-पुरमेपाड्याच्या बाजूला, संध्याकाळी झोडगे. तिसऱ्या दिवशी मालेगाव. शहरातून सकाळी आठच्या आत किंवा रात्री नऊनंतर जायचं, कारण मधल्या वेळेत यंत्रमागाच्या मालाचे टेम्पो, रिक्षा आणि बाजाराची गर्दी यातून पन्नास माणसं एकत्र राहत नाहीत. मालेगाव ते देवळा दोन दिवसांत, मग देवळा-कळवण एक दिवस, कळवण-नांदुरी एक दिवस, आणि शेवटच्या पहाटे घाट. म्हणजे पहिली संध्याकाळ धरून सातव्या-आठव्या दिवशी गडावर. चार दिवसांत जाणारे गट आहेत, पण त्यांच्यासोबत पहिल्यांदा येणारी, साठीपुढची आणि मधुमेहाची माणसं नसावीत.

वेगाचा हिशोब असा करा. गार वेळेत एकटा माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, गट मात्र थांबे धरून चारच. पहाटे साडेतीन ते नऊमध्ये वीस-बावीस किलोमीटर होतात, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठमध्ये आठ-दहा. दिवसाला तीसच्या वर जायची गरज पडत असेल, तर एक दिवस आधी निघा. दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं थांबायचं आणि त्या दहा मिनिटांत बूट-मोजे काढून पाय वाळवायचे. ही सवय ज्या गटात असते तिथे फोड कमी येतात.

चंद्राचं भान ठेवा. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीनंतर लवकरच मावळतो, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत पहाटेचं चालणं पूर्ण अंधारात असतं आणि संध्याकाळचं चांदण्यात. एकादशीनंतर पहाटेही उजेड मिळू लागतो. टॉर्चचे सेल सुरुवातीच्या दिवसांसाठी जास्त लागतात.

दिशेचंही तसंच. धुळे ते मालेगाव साधारण नैर्ऋत्येला आणि मालेगावपासून पुढे पश्चिमेला जायचं आहे. सकाळचं ऊन मानेवर आणि संध्याकाळचं थेट डोळ्यांत. म्हणून मान झाकणारा रुमाल सकाळी, पुढे कड असलेली टोपी संध्याकाळी.

आधीचे तीन आठवडे

पाय तयार करायला तीन आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात रोज पाच किलोमीटर, दुसऱ्यात रोज सात-आठ आणि एक दिवस पंधरा, तिसऱ्यात लागोपाठ दोन दिवस वीस-वीस. लागोपाठचे दोन दिवस टाळू नका. पहिल्या दिवशी कुठे घासतं ते दुसऱ्या दिवशी दुखायला लागल्यावरच कळतं. शेवटचे चार-पाच दिवस पूर्ण विश्रांती.

उन्हाची सवय ही पायांच्या सवयीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. शरीराला ऊन सोसायला शिकायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारं मीठ कमी होतं. गावात कांदा काढणारा माणूस त्या तयारीत आधीच असतो. पुणे, नाशिक, सुरतच्या कंपनीत पंख्याखाली किंवा एसीत काम करणारा मुलगा सुट्टी टाकून आदल्या रात्री गावी येतो आणि सकाळी दिंडीत उभा राहतो, त्याला मात्र धोका सर्वात जास्त. वयाने तरुण आणि अंगाने दणकट असल्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. अशा मुलांनी निघण्याआधी आठवडाभर रोज सकाळी आठ ते नऊ उन्हात चालावं. जमलं नसेल तर पहिले दोन दिवस त्यांनी फक्त पहाटेचा टप्पा चालावा आणि संध्याकाळी टेम्पोत बसावं.

रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी, त्यातही लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असलेल्यांनी, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून डोस ठरवूनच निघायचं. मनाने गोळी बंद करायची नाही. इन्सुलिन टेम्पोच्या केबिनमध्ये ठेवलं तर दोन दिवसांत निकामी होतं. ते ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात, कोरड्या डब्यात घालून ठेवा.

पाणी आणि मीठ

खानदेशची उष्णता कोरडी. मुंबई-कोकणात घाम अंगावर ओघळतो म्हणून दिसतो, इथे तो सुटल्याबरोबर वाळतो. शर्टावर पांढऱ्या रेघा उमटल्या की समजायचं, लिटरभर पाणी आणि त्यातलं मीठ गेलेलं आहे. 'मला घामच येत नाही' म्हणणारा माणूस या हवेत फसतो.

चालताना तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. एकदम तांब्याभर पिऊन ते पोटात डुचमळतं, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी सात-आठ घोट. दिवसभराचं धरून माणशी सहा ते सात लिटर. पंचवीस जणांच्या गटाला फक्त पिण्यासाठी पावणेदोनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार. टेम्पोत दहा जार भरलेले हवेत आणि रोज सकाळच्या मुक्कामावर ते पुन्हा भरायची जबाबदारी एकाच माणसाच्या नावाने हवी. 'कुणीतरी भरेल' म्हटलं की कुणीच भरत नाही.

नुसतं पाणी पीत राहणंही बरं नाही. घामाने मीठ जातं आणि वरून साधं पाणीच येत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सुस्त होतो, बोटं सुजतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते त्याला आणखी पाणी पाजतात. म्हणून पहाटेच्या टप्प्यात एक लिटर आणि संध्याकाळी एक लिटर ओआरएसचं पाणी प्रत्येकाने प्यायचंच. एक पुडी एक लिटरला. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून प्यायलं तर उलट जुलाब होतात. पंचवीस जणांना आठ दिवसांसाठी चारशे पुड्या लागतात. त्या धुळ्यातूनच घ्या आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या. खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नसतात. पुडी संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा सपाटच हवा, मीठ वाढलं की अपाय होतो.

एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. बायका रस्त्यात आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. पहाटेपासून दुपारपर्यंत अर्ध्या तांब्यावर राहतात आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडतात. यावर उपाय आयोजकांनी करायचा आहे, बायकांनी सोसायचं नाही. टेम्पोत चार बांबू आणि जाड कनात ठेवा आणि दर दुसऱ्या थांब्यावर ती रस्त्यापासून आत, बायकांच्या सोयीने उभी करा. पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं, शाळा आधीच हेरून ठेवा. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतं आहे, गडद असेल तर कमी पडतं आहे. ही खूण बाया-पुरुष सगळ्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.

कोरड्या हवेचा एक फायदाही आहे: ओलं कापड इथे फार गार पडतं. बागायती रुमाल भिजवून डोक्यावर आणि मानेवर घेतला की दहा-पंधरा मिनिटं चांगली जातात. जुन्या बैलगाडीवाल्यांकडे असायची ती कॅनव्हासची छागल अजून कुठे मिळाली तर घ्याच, टेम्पोच्या बाहेर वाऱ्याला टांगली की बर्फाची गरज राहत नाही. बर्फ टाळलेलाच बरा. कारखान्यातला लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, आणि या वाटेवर जुलाब लागलेला माणूस उन्हाच्याही आधी आडवा होतो. रस्त्यावरचा उसाचा रस, उघड्यावर कापून ठेवलेलं कलिंगड, याचं कारणही तेच. अख्खं कलिंगड घेऊन आपल्या सुरीने कापा.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही हा समज घराघरात आहे. कांदा भाकरीबरोबर खावा, खिशातला कांदा शरीर गार ठेवत नाही.

पाय

नवीन बूट घालून निघू नका. किमान शंभर किलोमीटर वापरलेले, अर्धा नंबर मोठे बूट हवेत, कारण चालून आणि उष्णतेने पाऊल सुजतं आणि उतारावर अंगठ्याचं नख पुढे आपटून काळं पडतं. प्लास्टिकच्या सँडलने पट्ट्याखाली कातडं सोलतं. मोजे पातळ, नायलॉन मिसळलेले, तीन जोड. निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीवर फोड पटकन येतो.

फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, टोचल्यासारखी वाटते. त्याच क्षणी थांबा. पुढच्या थांब्यापर्यंत ओढत नेलं की उशीर झाला. पाय पुसून कोरडा करा, त्या जागेवर औषधाच्या दुकानात मिळणारी कापडी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावा, कोपरे गोल कापा म्हणजे मोज्याला अडकून उचकटत नाही. टाच, करंगळीची बाहेरची बाजू आणि तळव्याचा पुढचा फुगवटा या तीन जागा ज्यांना नेहमी त्रास देतात त्यांनी निघतानाच पट्टी लावावी.

फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका. मोठा, ताणलेला असेल तर मुक्कामावर साबणाने पाय धुऊन, पाकिटबंद निर्जंतुक सुईने कडेला दोन ठिकाणी टोचून पाणी काढा. वरची कातडी काढायची नाही, तीच खालच्या जखमेचं झाकण आहे. पोव्हिडोन आयोडीन लावून कोरडी पट्टी. सुईतून दोरा ओवून तो आत ठेवायची पद्धत गटागटात दिसते, ती बंद करा; दोऱ्यावाटे घाण आत जाते. मधुमेह असलेल्या माणसाचा फोड गटातल्या कुणीही हाताळू नये, त्याला कळवण, देवळा, मालेगाव जे जवळ असेल तिथे दवाखान्यात न्यावं.

मांड्या घासणं हे फोडांइतकंच हैराण करतं. निघताना व्हॅसलीन भरपूर लावा. खोबरेल तासाभरात शोषलं जातं. पुरुषांनी आतून सायकलवाल्यांसारखी घट्ट चड्डी घालावी. साडी नेसणाऱ्यांनी परकराची नाडी रुंद पट्टीची करून घ्यावी. बारीक नाडी घामाने ओली होऊन कमरेला कापते आणि मीठ त्यात झोंबत राहतं.

अनवाणी चालण्याचा नवस असलेल्यांचा मान ठेवायलाच हवा, पण डांबर तापतं ते हवेच्या कितीतरी पुढे, आणि तळवा भाजला की नवस मध्येच सुटतो. अनवाणी माणसांनी सूर्योदयानंतर दीड-दोन तासांत दिवसाचा टप्पा संपवावा आणि संध्याकाळीही डांबर निवल्यावर, म्हणजे सातनंतरच निघावं. डांबरापेक्षा बाजूची माती किंवा पांढरा पट्टा कमी तापतो. काटे मात्र बाभळीचे असतात, म्हणून चिमटा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच.

दुखलं की गोळी, ही सवय इथे घातक आहे. शरीरात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. पोटरी, नडगी दुखत असेल तर पाय भिंतीला उंच लावून वीस मिनिटं पडा, ओला रुमाल गुंडाळा, दुसऱ्या दिवशी टप्पा अर्धा करा.

महामार्गावर

उन्हाच्या खालोखाल धोका वाहनांचा, आणि पहाटे चालण्याने तो वाढतो. चालकाला झोप येण्याची वेळ आणि आपली चालण्याची वेळ एकच. सर्व्हिस रोड असेल तिथे तोच. नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहनं दिसतील असं, डांबराच्या बाहेर, दोन-दोनच्या रांगेत. प्रत्येकाच्या अंगावर चमकणाऱ्या पट्टीचं जाकीट हवं, नुसत्या पुढाऱ्याच्या नको. सगळ्यात पुढे एक आणि सगळ्यात मागे एक माणूस ठरलेला, मागच्याच्या हातात लुकलुकणारा लाल दिवा, आणि त्याच्या मागे कुणीही नाही. वेग सर्वात हळू चालणाऱ्याचा. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा.

गटामागे पहिल्या गिअरमध्ये रांगत येणारा टेम्पो संरक्षण देतो असं वाटतं, प्रत्यक्षात भरधाव ट्रकसाठी तोच अडथळा होतो आणि धडक बसली तर टेम्पो गटावर येतो. टेम्पोने तीन किलोमीटर पुढे जाऊन रस्त्याच्या पूर्ण खाली उतरून उभं राहावं. त्यावर मोठे स्पीकर लावायचे असतील तर आवाज इतका ठेवा की मागचा हॉर्न ऐकू येईल. आणि दुपारी तो पूर्ण बंद. झोप न झालेला गट पहाटे तीनला उठत नाही, मग पाचला निघतो आणि अकराला उन्हात सापडतो. बहुतेक बिघाड असाच, दुपारच्या मोडलेल्या झोपेतून सुरू होतो.

दुपार

दहा ते साडेचार काढायची जागा आदल्या दिवशी दुचाकीवरून बघून ठेवा. वडाची, चिंचेची, कडुलिंबाची दाट सावली सर्वात चांगली. शाळेचा किंवा देवळाचा दगडी, उंच ओटा चांगला. पत्र्याचं शेड दिसायला ऐसपैस असतं, पण दुपारी बारानंतर ते वरून भट्टीसारखं तापतं. त्यात झोपलेली माणसं उठतात तीच डोकं धरून. शेडशिवाय पर्याय नसेल तर पत्र्यावर पाणी मारा किंवा खाली चार फुटांवर कापडी छत बांधा, म्हणजे मध्ये हवा खेळते.

नेटचं हिरवं कापड, चार बांबू आणि दोर टेम्पोत असले की बांधावरच्या एकट्या झाडाची सावली दुप्पट करता येते. शेतमालकाला विचारूनच बसा. या दिवसांत कांदा काढून शेतात पडलेला असतो, डाळिंबाला ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात. त्यावर पाय पडला तर पुढच्या वर्षी त्या बांधावर कुणालाच जागा मिळणार नाही.

दुपारी अंग कोरडं ठेवून पंखा किंवा झळांचा वारा घेतला तर तो उलट तापवतो, कारण हवा कातडीपेक्षा गरम असते. आधी ओला पंचा अंगावर, मग वारा. झोपताना चपला-बूट उलटे करून उंचावर ठेवा आणि घालण्याआधी झटका. एप्रिलमध्ये विंचू सावली शोधतच फिरतो. लाल विंचू चावला आणि माणसाला दरदरून घाम, उलटी, छातीत धडधड सुरू झाली तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरकारी दवाखाना.

जेवण दोन वेळा हलकं, आणि मध्ये थोडं थोडं. पहाटे निघताना चहा आणि दशमी किंवा सातूचं पीठ गुळात कालवून. वाटेत केळी, गूळ-शेंगदाणे, भाजके फुटाणे. दुपारी ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, पातळ वरण, कांदा, कैरीचं पन्हं, त्या दिवशीच घुसळलेलं ताक. वरण-बट्टी आणि तेल सुटलेली शेवभाजी रात्रीच्या मुक्कामाला ठेवा. दुपारी खाल्ली तर संध्याकाळी पाय उचलत नाही. वाटेत गावोगावचे लोक आपुलकीने जेवण, सरबत, फराळ देतात. नाही म्हणवत नाही, पण घासभर घेऊन पुढे निघावं.

ऊन लागलं तर

पोटऱ्या, पोट आखडणं ही पहिली पायरी: सावली, ओआरएस, स्नायू हळू ताणणं, त्या दिवशी चालणं बंद. दुसरी पायरी म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गार-चिकट अंग. झोपवा, पाय उंच करा, कपडे सैल, ओलं कापड, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

तिसरी पायरी उष्माघाताची, आणि तिची खूण डोक्यात असते: माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, चिडतो, ओळखत नाही, झटके येतात. अंग तापलेलं असतं. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, चालणाऱ्या माणसात तो बहुधा घामासकटच येतो. अशा वेळी १०८ ला फोन एकाने करायचा, आणि बाकीच्यांनी त्याच मिनिटाला गार करायला सुरुवात करायची. गाडीची वाट बघत बसू नका. कपडे उतरवा, टेम्पोतले जार अंगावर ओता, ओल्या चादरीत ठेवून दोघांनी पुठ्ठ्याने जोरात वारा घाला, चादर गरम झाली की पुन्हा भिजवा. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाण्याचा थेंबही नको, तो श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा. पॅरासिटॅमॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप जंतूंचा नाही. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती उतरवलं यावर जीव वाचणं अवलंबून आहे, म्हणून पन्नास लिटर पाणी याच कामासाठी टेम्पोत कायम राखीव.

वाटेतली धरणं आणि शेततळी

पुरमेपाड्याचं धरण, पिंपळनेरकडून येताना लाटीपाडा, कळवण-अभोणा बाजूला चणकापूर, शिवाय कालवे. तापलेल्या अंगाने त्यात उडी मारायचा मोह तरुणांना आवरत नाही. धरणाचं पाणी वरून कोमट आणि खाली एकदम गार असतं, तळात गाळ आणि काटेरी झुडपं असतात. काठावर बसून तांब्याने आंघोळ करा.

सर्वात फसवं शेततळं. देवळा, कळवण, सटाणा भागात ती जागोजागी दिसतात. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, काठ उतरते, कागदावर शेवाळ. पोहणारा माणूसही आत पडला की धरायला काही नसतं, हात-पाय घसरत राहतात आणि तो दमून बुडतो. गटातल्या कुणीही शेततळ्याच्या कुंपणाच्या आत जायचं नाही, बादली भरायलासुद्धा नाही. कुणी पडलंच तर मागे उडी न मारता टेम्पोतला दोर फेका. म्हणून तीस फुटी जाड दोर सामानात हवाच.

कळवणच्या पुढे

देवळ्यापासून सातमाळा दिसू लागतो. धोडपच्या कातळात कापल्यासारखी खाच आहे, ती एकदा ओळखली की दिशा चुकत नाही. कळवणहून नांदुरीकडे जाताना ही रांग डाव्या हाताला राहते: रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, आणि मग गड. डोंगर जवळ दिसतो म्हणून माणसं इथे वेग वाढवतात आणि नेमकी याच टप्प्यात दुपारची वेळ मोडतात. नांदुरीला संध्याकाळी पोचा, झोपा, घाट पहाटे चढा.

उत्सवात खासगी वाहनं नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटी जाते. म्हणजे टेम्पो तुमच्याबरोबर येणार नाही. दोन लिटर पाणी, ओआरएसच्या दोन पुड्या, औषधं, आधारकार्ड, जाड मोजे आणि हलकं खाणं पाठीवर घ्या. घाटरस्ता दहा किलोमीटरचा, चढाने तीन तास लागतात. रडतोंडीची जुनी पायवाट जवळची पण उभी आणि दगडांची; ज्यांचे गुडघे दुखताहेत त्यांनी रस्त्यानेच जावं, आणि अंधारात तर कुणीच पायवाटेने जाऊ नये. कड्याखाली कुठेही शेकोटी, फटाके नकोत, आग्या मोहोळ उठतं.

गडावरून देवळात जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी २०१८ पासून रुळावरची ट्रॉली आहे. चप्पल खाली काढावी लागते आणि दगड तापलेला असतो, म्हणून रांगेत सूर्योदयाच्या आत उभं राहा. चतुर्दशीच्या रात्री शिखरावर कीर्तिध्वज चढतो, त्या रात्रीपासून पौर्णिमेपर्यंत गर्दीचा कळस. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर द्वादशीपर्यंत दर्शन उरकेल असा निघण्याचा दिवस धरा.

परतीसाठी टेम्पोच्या हौद्यात माणसं भरू नका. चालक आठवडाभर अर्धवट झोपलेला असतो आणि उभ्याने झोपणारी माणसं वळणावर बाहेर फेकली जातात. टेम्पोत सामान जाऊ द्या, तेही चालकाने सहा तास झोप घेतल्यावर. माणसांनी नांदुरीहून एसटीने कळवण, मालेगाव, धुळे गाठावं. घरी पोचल्यावर दोन दिवस पाय उघडे ठेवा, आणि फोडाभोवती लाली चढत असेल किंवा लघवी चहासारखी गडद होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.